बटण खाणारा खेळ

आमच्या लिफ्टवाल्यांचं सबंध आयुष्यात एकाच माणसाशी हाडवैर झालं, आणि तो माणूस अस्तित्वातच नव्हता. तो टीव्हीच्या पडद्यावर, बेसबॉलच्या गेममध्ये, तिसऱ्या बेसवर, म्हणजे मैदानाच्या तिसऱ्या कोपऱ्यावर, उभा असायचा. निळी टोपी, रुंद छाती, खांबासारखे दंड. आणि चेंडू आपल्याकडे येतोय असं दिसलं की हा शांतपणे पाठ फिरवून प्रेक्षकांकडे बघत राहायचा. बाकीचे आठ जण जिवाच्या आकांताने धावतायत आणि हा जणू गर्दीत कुणी ओळखीचं दिसतंय का ते शोधतोय.

"फिरला! मेला परत फिरला!" अशी आरोळी खालच्या मजल्यावरून आली की मी ओळखायचो, दुकान बंद करून वहिनी घरी आल्या आणि डाव सुरू झाला.

लिफ्टवाले म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. माझ्या खालच्याच मजल्यावर राहतात. उंच, सडसडीत, बोटांच्या पेरांत कायमचं वंगण मुरलेलं. आणि वहिनी म्हणजे त्यांची बायको. वयाने मला लेकीसारखी, पण सगळी गल्ली वहिनी म्हणते म्हणून मीही म्हणतो. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं केस कापायचं दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. त्या बाकावर सर्वांत जास्त वेळ बसलेला माणूस कोण, हे विचारू नका. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही, पण कोणाचं कोणाशी जमलं आणि कोणाचं कोणाशी फाटलं हे त्या बाकावर जितकं ताजं मिळतं तितकं वर्तमानपत्रातही मिळत नाही.

तर हा गेम त्यांच्या घरात आला कसा? त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. जाताना तिने आपले कपडे नेले, पुस्तकं नेली, कुंडीतलं झाडसुद्धा नेलं. गेम खेळायचं जुनं यंत्र तेवढं टीव्हीखाली राहिलं, आणि त्याच्यात अडकलेली ही एक बेसबॉलची डिस्क. घर इतकं शांत झालं की नळाचं गळणं ऐकू यायला लागलं. नळ तर लिफ्टवाल्यांनी त्याच दिवशी दुरुस्त केला, पण शांततेला पाना कुठून लावणार? एका संध्याकाळी त्यांनी ते यंत्र चालू केलं.

दोघांनीही बेसबॉल कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने बॅटने तो मारायचा, आणि मग मैदानाच्या चार कोपऱ्यांना शिवून जिथून निघालो तिथेच परत यायचं, एवढं हळूहळू कळलं. मी एकदा विचारलं, "परत तिथेच यायचं तर निघायचं कशाला?"

"नाना," लिफ्टवाले म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता, ते काय तिथेच राहता?"

नियम शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे खेळाने जे दाखवलं तेच यांनी नियम म्हणून घेतलं. तो तिसरा पाठ का फिरवतो, याचंही उत्तर लिफ्टवाल्यांनी शोधून काढलं होतं. त्यांचं म्हणणं असं की तो राखीव असणार. दमलेला गडी. त्याच्याकडे गेलेला चेंडू त्याने सोडून द्यायचा, असा कायदाच असणार, म्हणजे समोरच्यालाही थोडी संधी मिळते. "मोठ्या मनाचा खेळ आहे," असं ते मला कौतुकाने सांगायचे. वहिनींनी त्याच्यावर ताण केली. त्या प्रत्येक चेंडू तिसऱ्याच्या दिशेनेच मारायच्या आणि रोज जिंकायच्या. सबंध हिवाळा हा खेळ असा कायदेशीर चालला.

मग मुलगी सुट्टीवर घरी आली. आईबाबा खेळताना दारात उभी राहून बघत होती. वहिनींनी चेंडू तिसऱ्याकडे टोलवला, तो फिरला, लिफ्टवाले समाधानाने म्हणाले, "बरोबर, तो घेणार नाही," आणि पोरगी भिंतीला टेकून हसत खाली बसली.

"बाबा, तो बग आहे!"

"बग म्हणजे?"

"म्हणजे खेळ बनवताना राहिलेली चूक. तो कायदा-बियदा काही नाहीये."

"चूक आहे? मग दुरुस्त का केली नाही?"

"करतील," ती म्हणाली.

हा एक शब्द तिने बोलायला नको होता. कारण लिफ्टवाल्यांच्या धंद्यात हा शब्दच नाही. तिथे तक्रार आली म्हणजे दोन मजल्यांच्या मधे कुणीतरी अडकलेलं असतं. म्हातारी असते, पोटुशी बाई असते, नाहीतर ऑफिसातला एखादा साहेब असतो, जो आत गेल्यावर साहेब राहत नाही. तक्रार आली की जेवणाच्या ताटावरून उठून निघायचं, हीच त्यांची इतक्या वर्षांची रीत. त्यांनी मुलीकडून तक्रार कुठे करायची ते शिकून घेतलं आणि त्याच दिवशी गेमच्या कंपनीला कळवलं: अमुक गडी, तमुक जागा, चेंडू या कोनातून आला की पाठ फिरवतो, जमिनीवरून आला तर नक्की फिरवतो, उंच आला तर कधी कधी. खाली सही करावी तसं स्वतःचं नाव. लिफ्टचा दोष नोंदवावा तसाच नोंदवला होता.

उत्तर आलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

लिफ्टवाले खूष. महिनाभर वाट पाहिली. मग एक दिवस यंत्राने सांगितलं, नवीन अपडेट आलंय. दोघं चहा घेऊन टीव्हीसमोर बसले. मलाही बोलावलं. अपडेट चढलं, खेळ उघडला. सगळ्या गड्यांना नव्या टोप्या मिळाल्या होत्या. तिसऱ्यालाही. त्याने नवी टोपी घालून पाठ फिरवली.

पुढच्या अपडेटमध्ये मिशा आल्या. तुमच्या गड्याला हवी ती मिशी लावा, बारा तऱ्हा. त्याच्या पुढच्यात मैदानावर कबुतरं आली. चेंडू लागला की उडायची, पिसं पडायची, सावल्यासुद्धा पडायच्या. लिफ्टवाले डोकं धरून बसले.

"अहो, कबुतर इतकं सुंदर करता येतं यांना," ते मला म्हणाले, "मग त्या ठोंब्याची मान वळवता येत नाही? मी जर बंद लिफ्टला नुसता आरसा बसवून निघून आलो, तर लोक मला जोड्याने मारतील की नाही?"

"आरसा असला तर आत अडकलेल्या बायका तेवढी वेणी घालतील," मी म्हणालो.

"नाना, तुम्ही चेष्टा करू नका. लोक त्रासात आहेत."

लोक म्हणजे जगभरातले त्यांच्यासारखेच वैतागलेले. तक्रारीच्या त्या पानावर ते सगळे जमायचे. कोण बेकरीवाला, कोण शिक्षक, कोणी रात्रपाळीची नर्स. तोंड एकाचंही पाहिलेलं नाही, पण कोणाच्या घरी काय चाललंय हे लिफ्टवाल्यांना माहीत. मी बाकावर बसून करतो तेच ते तिथे करत होते, फक्त त्याला तक्रार निवारण म्हणत होते.

आणि मग त्या खेळाला दुसरा, खरा आजार जडला. मिशांच्या अपडेटनंतरच केव्हातरी तो बटण खायला लागला.

म्हणजे असं, की पिचरने चेंडू फेकला, तो बॅटपाशी आला की नेमक्या क्षणी अंगठ्याने बटण दाबायचं. दाबलं की बॅट फिरते. पण आता कधी कधी दाबलं तरी बॅट खांद्यावर तशीच. गडी पुतळ्यासारखा उभा, चेंडू मागे, आणि पंच बोट वर करतोय. दोघांनाही व्हायचं. सगळ्या जगालाच व्हायचं.

"खाल्लं!" वहिनी ओरडायच्या. "मी दाबलं होतं, देवाशपथ दाबलं होतं!"

"मी बघितलं ना तू दाबलेलं! भुक्कड आहेत साले!"

"पोरंबाळं आहेत का नाहीत यांना?"

"मिशा आहेत. बारा तऱ्हेच्या."

तुम्हाला वाटेल, असा खेळ कुणी फेकून देईल. पण मी वरच्या मजल्यावरून रोज ऐकत होतो म्हणून सांगतो, मुलगी गेल्यावर त्या घरात इतका जोरात आवाज त्याआधी कधी झाला नव्हता. दिवसभर ही गिऱ्हाइकांशी गोड बोलणार, तो अडकलेल्यांशी गोड बोलणार. संध्याकाळी दोघांना मिळून शिव्या द्यायला कुणीतरी हवंच होतं, आणि कंपनी लांबची होती, वाईट वाटून घेणारी नव्हती. पूर्वी मुलीच्या शाळेतल्या बाईंना द्यायचे. आता हे.

याच सुमाराला दुकानात मात्र वहिनी कात्रीला शिव्या द्यायला लागल्या होत्या.

तुम्ही कधी केस कापणाऱ्या माणसाचा हात नीट पाहिलाय? कात्रीचं एक पातं अगदी स्थिर असतं. हलतो तो फक्त अंगठा. बाकीची बोटं नुसती धरून ठेवतात. वहिनींचा अंगठा असा चालायचा की कात्रीचा आवाज मधे तुटायचा नाही, कुणी बाजूला बसून हलकेच दाणे सोलतंय असं वाटायचं. अलीकडे तो आवाज मधेच थांबायचा. वहिनी कात्री खाली ठेवायच्या, हात पाठीमागे न्यायच्या, आणि मग पुन्हा सुरू करायच्या. "या धारवाल्याने धार लावली का दगड घासला?" असं म्हणायच्या. धारवाल्याने बिचाऱ्याने दोनदा येऊन फुकटात धार लावून दिली. मग दोष दिव्यावर गेला. मग दिवा बदलला. एका गिऱ्हाइकाचा कल्ला वर-खाली झाला, तर त्याचाच एक कान खाली आहे असं त्यालाच पटवून दिलं. तो घरी जाऊन आईला विचारून आला म्हणे.

मी बाकावरून हे सगळं पाहत होतो. बोललो नाही. मी बोललो नाही याचं कारण मला दुसरंच काहीतरी वाटलं होतं, आणि ते इथे सांगण्यासारखं नाही, कारण ते धारवाल्याबद्दल होतं आणि निखालस खोटं निघालं.

एका दुपारी लिफ्टवाल्यांची सुट्टी होती. मी जिना चढत होतो, तर ते दारातच उभे. डोळे लकाकत होते.

"नाना, केलं त्यांनी!"

"काय केलं?"

"दुरुस्त! बटणाचं! अपडेट आलंय. मी सकाळपासून खेळतोय. एकदा नाही खाल्लं. एकदासुद्धा!" त्यांनी माझा हात धरून मला आत ओढलं. बटण दाबून दाखवलं. दाबलं की बॅट फिरली. परत दाबलं, परत फिरली. तक्रारीच्या पानावर तो बेकरीवाला रडायच्या बेतात होता. नर्सने सगळ्यांना फुलं पाठवली होती, चित्रातली. तिसरा अजूनही पाठ फिरवत होता, पण त्या दिवशी लिफ्टवाल्यांनी त्यालाही माफ केलं.

"हिला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी खेळायला बसेल तेव्हा आपोआप कळेल. तिचं तोंड बघायचंय मला."

त्या संध्याकाळी मी कान लावून बसलो होतो. आता मोठा आनंदाचा चित्कार येणार म्हणून. थोड्या वेळाने आवाज आला.

"खाल्लं!"

वहिनींचा होता. आणि मग लिफ्टवाल्यांचा आवाज, नेहमीपेक्षा चढा: "खाल्लंच! भुक्कड आहेत साले! काही म्हणजे काही केलेलं नाही!"

दुसऱ्या दिवशी ते वर आले. चहा नको म्हणाले. खुर्चीच्या कडेवर बसून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"तिने दाबलंच नाही, नाना. मी बघत होतो. म्हणजे तिने दाबायला घेतलं, पण अंगठा गेलाच नाही. मधेच अडकला. चेंडू गेल्यावर सुटला."

मला एकदम कात्रीचा तुटणारा आवाज आठवला.

"मग तुम्ही तिला सांगितलंत?"

"काय सांगू? खेळ नीट आहे, तुझा हात बिघडलाय, असं? तिचं सगळं त्या अंगठ्यावर आहे. वडिलांच्या मागे उभी राहून शिकलीय ती. तिला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही करायचंही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कुणाजवळ बोलू नका."

ही गोष्ट त्यांनी सबंध गल्लीत नेमकी मला सांगावी! माझ्या पोटात कधी कुणाची गोष्ट टिकली नाही हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ही टिकली. बाकावर बसायचो आणि हवापाण्यावर बोलायचो. वहिनींनी दोनदा विचारलं, "नाना, बरं नाही का?"

आणि खाली काय चाललं होतं म्हणता! दुरुस्त झालेल्या दोषाबद्दल लिफ्टवाले रोज संध्याकाळी कंपनीचा उद्धार करत होते. वहिनींचं एकदा चुकलं की यांचं दोनदा चुकलंच पाहिजे. पण माणूस जन्मात कधी खोटं काम केलेला नव्हता, त्याला चुकवायलाही येईना. पिचरने हात उचलायच्या आधीच हे ओरडायचे, "खाल्लं!" मी एकदा बसलो होतो तेव्हा पाहिलं. नाटकात असते तर पहिल्याच अंकात प्रेक्षकांनी उठवलं असतं.

वहिनी हसायच्या. मला वाटायचं, किती भोळी बाई आहे.

खेळात एक हंगाम असतो. त्याचा शेवटचा सामना आला, दोघांचे संघ समोरासमोर, म्हणून मला पंच म्हणून बोलावलं. पंच खेळात होताच, पण त्याच्यावर लिफ्टवाल्यांचा विश्वास नव्हता. मी मधल्या खुर्चीत बसलो. गुण बरोबरीत. शेवटची बॅट वहिनींची. पिचरने चेंडू फेकला. मी वहिनींच्या हाताकडे बघत होतो, आणि लिफ्टवालेही. अंगठा वाकला आणि वाकलेलाच राहिला. चेंडू मागे गेला. वहिनींनी हात उशीखाली नेला, दुसऱ्या हाताने काहीतरी केलं, आणि बारीकसा 'टक्' असा आवाज मला ऐकू आला.

"खाल्लं!" लिफ्टवाले ओरडले. "बघा नाना, ऐन वेळी खाल्लं! यांना लाज, लज्जा, काही..."

"पुरे," वहिनी म्हणाल्या.

"अगं पण..."

"पुरे म्हणते ना. ते बटण खात नाही आता. कधीचं खात नाही."

लिफ्टवाले पडद्यावरून त्यांच्याकडे वळले.

"लेकीने फोनवर सांगितलं मला. अपडेट आलं त्याच दिवशी, दुकानात होते मी. म्हणाली, आई, बाबांचंच नाव द्यायला हवं त्या अपडेटला, किती मागे लागले होते."

"त्याच दिवशी? मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

पडद्यावर पिचर चेंडू हातात घेऊन उभा होता. टोपी सारखी करत होता. मी खरं तर उठून जायला हवं होतं. पण अशा वेळी उठून जाणाऱ्यांतला मी नव्हे.

"मला वाटलं," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही एवढं मनापासून ओरडताय, तर ओरडा. रोज इतकं वाईट नाटक कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं." त्या हसल्या, पण ते हसू मधेच कुठेतरी गेलं. "आणि म्हटलं, चाललंय तोवर खेळाचंच असू दे. कात्रीचं असू दे. धारवाल्याचं असू दे. माझं नको."

लिफ्टवाले उठले आणि त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. तो हात उशीखालून काढून त्यांनी आपल्या हातात घेतला. मग जे बोलले ते अगदी हळू, सावकाश. हा त्यांचा कामावरचा आवाज. बंद दारापलीकडच्या माणसाशी बोलायचा. मी एकदा स्वतः आत होतो तेव्हा ऐकलाय, म्हणून ओळखतो.

"कधीपासून अडकतो?"

"मिशा आल्या तेव्हापासून."

"सकाळी जास्त?"

"सकाळी जास्त. उठल्यावर तर सुटतच नाही. गरम पाण्यात धरावा लागतो."

"दुखतो, का नुसता अडकतो?"

"आता दुखतो."

"कात्री धरताना?"

वहिनींनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. लिफ्टवाल्यांनी तो अंगठा एखादा नाजूक भाग धरावा तसा दोन बोटांत धरला होता. दाबला नाही, वाकवून बघितला नाही.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ते म्हणाले.

"उद्या दुकानात गर्दी असते. सगळ्यांनी सांगून ठेवलंय."

"वाढू देत सगळ्यांचे केस."

"ती गल्ली कशी दिसेल?"

"आत्ता काय फार बरी दिसते? नानांकडे बघ."

यावर त्या रडता रडता फिसकन हसल्या. मी माझ्या टकलावरून हात फिरवला. काही उपयोग झाला म्हणायचा त्याचा.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने नीट समजावून सांगितलं: अंगठ्याला हलवणारी दोरीसारखी शीर असते, ती एका अरुंद नळीतून सरकते. नळी सुजली की शीर अडकते. सारखं एकच काम करणाऱ्या हातांना होतं. भिण्यासारखं काही नाही. मग तिने अंगठा वाकवून पाहिला आणि सहज बोलून गेली, "आधी आला असतात तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं. आता छोटं ऑपरेशन करावं लागेल. बहुतेकांचा हात नीट होतो."

बहुतेकांचा. हा शब्द दोघांनीही ऐकला.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. बाहेर आल्यावर लिफ्टवाले दवाखान्याच्या पायरीवरच बसले. माणसं बाजूने चढत-उतरत होती. त्यांना हलवेना.

"तक्रार आली होती गं माझ्याकडे," ते म्हणाले. "समोर आली होती. मी ती बंद केली."

"मी कुठे तक्रार केली?"

"रोज करत होतीस. खाल्लं म्हणत होतीस."

"आणि मी रोज ऐकत होते ना, तुम्ही खोटं बोलताय ते? मीही तुम्हाला बोलू दिलं." वहिनी त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. "आपण दोघांनी मिळून वेळ घालवलाय. एकट्याने सगळं घेऊ नका. तुम्हाला सगळंच स्वतःच्या डोक्यावर घ्यायची सवय आहे."

ऑपरेशन झालं. हाताला पट्टी, दुकानाला कुलूप. लिफ्टवाल्यांनी रजा घेतली, जी त्यांनी मुलीच्या जन्मालाही घेतली नव्हती. ते स्वयंपाक करायचे आणि त्याचा वास वर यायचा, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण मलाही ताट यायचं. संध्याकाळी खेळायला एकटेच बसायचे. वहिनी पट्टीचा हात उशीवर ठेवून बाजूला बसून हुकूम सोडायच्या.

"आत्ता! आत्ता दाबा! अहो, गेला!"

"दाबलं होतं."

"दाबलं नव्हतं. आता तुम्हाला सबब नाही."

बटण नीट झाल्यावर कळलं, की लिफ्टवाले मुळातच वाईट खेळतात. इतके दिवस तो खेळ त्यांची अब्रू झाकत होता. मुलगी सुट्टी घेऊन आली, तिने बाबांना लागोपाठ हरवलं, आणि आईच्या केसांची वेणी घालून दिली. कशी घातली ते वहिनींना आरशात दिसत होतं. गल्लीतले पुरुष मात्र अस्वलासारखे दिसायला लागले होते. कुणी दुसऱ्या दुकानात गेलं नाही असं मी म्हणणार नाही, दोघं गेले. त्यांची नावं मला माहीत आहेत, आणि वहिनींनाही.

पट्टी निघाली. व्यायाम झाले. डॉक्टर म्हणाली, हरकत नाही, करून बघा. एवढंच म्हणाली.

रविवारी दुकान बंद असतं. त्या रविवारी सकाळी दाराची फळी अर्धी उघडी दिसली म्हणून मी डोकावलो. लिफ्टवाले खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती पांढरं कापड. वहिनी मागे उभ्या. मी आत जाऊन बाकावर बसलो. कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

वहिनींनी कंगवा फिरवला. कात्री घेतली. अंगठा घातला, काढला, पुन्हा घातला. मग पहिली कातर. मग दुसरी. आवाज येत होता, पण सावकाश, एकेक. लिफ्टवाले श्वास कोंडून बसले होते. आरशात त्यांचे डोळे मिटलेले दिसत होते. वहिनी मधेच थांबल्या, बोटं उघडली-मिटली, पुन्हा सुरू झाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. अंगठा अडकला नाही. पण पूर्वीसारखा पळतही नव्हता. प्रत्येक वेळी त्याला सांगावं लागत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी कात्री ठेवली, मानेवरचे केस झटकले, आणि लहान आरसा घेऊन मागून दाखवला. गिऱ्हाइकांना दाखवतात तसा.

"कसं झालंय?" आवाज साधा होता.

लिफ्टवाल्यांनी डोळे उघडले. मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे. मी बाकावरून त्यांना खुणा करत होतो. छान म्हणा, अहो नुसतं छान म्हणा! ते माझ्याकडे बघेचनात.

"डावीकडे जास्त गेलंय," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला.

वहिनींनी आरसा खाली घेतला. त्यांच्या डोक्याकडे डोळे बारीक करून बघितलं. मागे सरकून बघितलं.

"किती?"

"दिसण्याइतकं."

"हं," वहिनी म्हणाल्या. "मला दिसलं होतं. तुम्ही काय म्हणता ते बघत होते." आणि त्यांनी पुन्हा कात्रीत अंगठा घातला. "हलू नका. उजवीकडे तिथवर नेते."

उजवीकडे नेलं, तर ते जरा पुढेच गेलं. मग परत डावीकडे. हे करता करता वहिनी गुणगुणायला लागल्या, आणि दोन्ही बाजू एकदाच्या सारख्या झाल्या तेव्हा नवऱ्याच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस लिफ्टवाले कामाची टोपी घालून हिंडत होते, आणि कुणी विचारलं नसतानाही ती काढून दाखवत होते.